आरोग्य-संशोधकांना व्यवसायाचं प्रशिक्षण : बारा शनिवारांत नेमकं काय शिकवायचं? (कोल्हापूर)

रंकाळा_उत्तर (प्रश्न)

आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन कक्षातर्फे बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखायचा आहे. दर शनिवारी दुपारी २ ते ५. अठरा जण आहेत : फार्मसी आणि बायोटेकचे पीएच.डी. करणारे सात, एमडी-एमएसचे निवासी डॉक्टर पाच, फिजिओथेरपीचे चार आणि इलेक्ट्रॉनिक्सचे दोन अभियंते. विषय हवेतले नाहीत, चार निष्कर्ष हातात आहेत :

१. मधुमेहींच्या पायाची संवेदना मोजणारं कंपन-यंत्र. ब्रेडबोर्डवर (सर्किट तात्पुरतं जोडायच्या पट्टीवर) चालतं.
२. जखमेसाठी तीन वनस्पतींचं जेल. उंदरांवरचे निकाल चांगले आहेत.
३. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचा मोबाईल फोटो घेऊन रक्तक्षयाचा अंदाज देणारा अल्गोरिदम.
४. ऊसतोड मजुरांच्या कंबरदुखीसाठी व्यायामाचा क्रम.

अशा कार्यशाळांचा नेहमीचा साचा सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून कुणीतरी येतो, दोन तास प्रेरणा देतो, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो आणि शेवटी 'बिझनेस प्लॅन स्पर्धा'. तो टाळायचा आहे. बजेट दोन लाख, त्यात प्रोटोटाइपचा खर्चही आला. कोणता विषय आधी, कोणता नंतर, आणि लोक नेमके कुठे अडकतात, हे जाणकारांनी सांगावं.

---

गरज_आधी

बिझनेस प्लॅन पहिल्या सहा आठवड्यांत लिहायलाच देऊ नका. संशोधक लिहिण्यात पटाईत असतात, दोन रात्रींत चाळीस पानं तयार करतात आणि त्यातला एकही आकडा दवाखान्याच्या दारात टिकत नाही.

अमेरिकेत एनएसएफने (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने) २०११ मध्ये आय-कॉर्प्स हा संशोधकांना उद्योजकता शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. त्याचा गाभा एवढाच : तीन जणांची टीम (उद्योजक म्हणून पुढे राहणारा विद्यार्थी, मूळ संशोधक आणि बाहेरचा मार्गदर्शक), सात आठवडे आणि शंभर मुलाखती. पुढे एनआयएचने (तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने) २०१४ पासून तोच प्रकार आरोग्य क्षेत्रासाठी घेतला. आपल्याकडे शंभर जमणार नाहीत, कारण निवासी डॉक्टरला झोप मिळणं मुश्कील. टीममागे तीस ठेवा. आठवड्याला पाच, सहा आठवडे. पण तीस म्हणजे तीस, आणि प्रत्यक्ष जाऊन. गूगल फॉर्म मोजायचा नाही.

कुणाच्या मुलाखती, हे आधी कागदावर लिहून घ्या. आरोग्यात 'ग्राहक' एक नसतो. कंपन-यंत्राचंच घ्या. वापरणारी परिचारिका किंवा फिजिओ. शिफारस करणारा मधुमेहतज्ज्ञ. खरेदीवर सही करणारा रुग्णालयाचा मालक किंवा भांडार अधिकारी. पैसे शेवटी देणारा रुग्ण किंवा योजना. आणि आडवा येणारा, म्हणजे ज्याचं काम यामुळे वाढतं किंवा ज्याचं कमिशन कमी होतं. या पाचही प्रकारांतले किमान चार-चार लोक झाल्याशिवाय तीसचा आकडा धरू नये. नाहीतर सगळे आपल्याच विभागातल्या सरांना भेटतात आणि सर 'छान आहे, करा' म्हणतात. जागा बदलत्या ठेवा : सीपीआर (इथलं मोठं सरकारी रुग्णालय), राजारामपुरीतले छोटे दवाखाने, एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र, मिरजेतली मोठी रुग्णालयं. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण इकडे येतात, त्यांचे फॅमिली डॉक्टरही विसरू नका.

प्रश्न कसे विचारायचे याला एक पूर्ण शनिवार द्या. 'असं यंत्र आलं तर घ्याल का?' हा प्रश्न बाद. कोल्हापूरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, चहा पाजून हो म्हणतो. त्याऐवजी मागचं विचारा : 'गेल्या महिन्यात किती मधुमेहींचे पाय तपासले? कशाने? किती मिनिटं लागली? न तपासता कुणाला पाठवलंत, आणि का? शेवटचं उपकरण कधी घेतलं, किती दिवस विचार केला, सही कुणाची लागली?' उत्तरात घडलेली गोष्ट आली तर ती वहीत जाते. मत आलं तर सोडून द्यायचं. दोघांनी जायचं, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. सादरीकरणाच्या स्लाइड बरोबर नेऊ नका, स्लाइड उघडली की मुलाखत संपून विक्री सुरू होते.

दुसऱ्या शनिवारी गरजेचं विधान लिहून घ्या. स्टॅनफर्ड बायोडिझाइनची पद्धत आहे, २००१ पासून चालते. एका वाक्यात अडचण, ती कुणाची, आणि कोणता परिणाम मोजायचा. त्या वाक्यात उपाय यायला नको. 'मधुमेहींसाठी स्वस्त कंपन-यंत्र हवं' हे चुकलं. 'प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या दहा वर्षांहून जुन्या मधुमेहींमध्ये संवेदना गेलेले पाय जखम होण्याआधी ओळखण्याची पद्धत, जी परिचारिकेला पाच मिनिटांत करता येईल' हे चालेल. या वाक्यापुढे लगेच कळतं की स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नाहीच. स्पर्धा आहे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटशी (तळव्याला टेकवून स्पर्श तपासायच्या नायलॉनच्या धाग्याशी) आणि टेबलाच्या खणात पडलेल्या १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कशी. त्याहून तुमचं यंत्र काय जास्त सांगतं, याचं उत्तर नसेल तर पुढचे शनिवार वाचले.

सहाव्या आठवड्याला 'पुढे, वळा किंवा सोडा' असा निर्णय जाहीर घ्या आणि सोडणाऱ्या टीमला तेवढेच गुण द्या. हे फार महत्त्वाचं आहे. गुण कमी झाले तर कोणी सोडत नाही.

---

दावा_क्रमांक_एक

वरच्या मुद्द्यांत एक मोठी भर, आणि ती पहिल्याच शनिवारी : तोंड बंद कसं ठेवायचं ते शिकवा. मुलाखतींना जाण्याआधी.

भारतीय पेटंट कायद्यात नवेपणा अर्जाच्या तारखेला पाहिला जातो. शोधनिबंध छापला, परिषदेत पोस्टर लावलं, प्रबंध ग्रंथालयात गेला किंवा शोधगंगावर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढला, की स्वतःचंच काम स्वतःविरुद्ध पुरावा होतं. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला अशी अरुंद आहे. तिच्या भरवशावर राहू नये. युरोपात तर तेवढीही नाही. अमेरिकेत एक वर्ष मिळतं.

म्हणून क्रम असा : आधी प्रोव्हिजनल (तारीख पक्की करणारा प्राथमिक पेटंट) अर्ज, मग मुलाखती, मग पोस्टर. प्रोव्हिजनलची ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थेला १,६०० रुपये आहे (इतर कंपन्यांना ८,०००). तुमच्या बजेटमध्ये हे सहज बसतं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, सगळं ऑनलाइन. त्यानंतर पूर्ण विनिर्देश (शोधाचं दाव्यांसह सविस्तर वर्णन) बारा महिन्यांच्या आत, ही मुदत वाढत नाही. परीक्षणाची विनंती वेगळी, फी ४,००० रुपये, आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर तिची मुदत अग्रक्रम तारखेपासून (म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने झाली आहे. पूर्वी ४८ होती. जुन्या स्लाइडवर ४८ दिसेल, बदलून घ्या.

प्रोव्हिजनल म्हणजे एक पान खरडणं नव्हे. त्यात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. 'कंपन देणारं साधन' एवढंच लिहिलं आणि नंतर खरी गंमत प्रोबच्या स्प्रिंगमध्ये निघाली, तर स्प्रिंगला जुनी तारीख मिळणार नाही. आकृत्या, पर्यायी रचना, मोजमापांच्या मर्यादा सगळं टाका.

तुमचे चार निष्कर्ष कलम ३ (कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी) समोर ठेवून पाहू.

यंत्र : ठीक. मात्र 'पायाची संवेदना तपासण्याची पद्धत' असा दावा केलात तर ३(आय) आडवं येतं. माणसावरची उपचार किंवा निदानाची प्रक्रिया आपल्याकडे पेटंट होत नाही. दावा उपकरणाच्या रचनेवर हवा.

जेल : इथे तीन भिंती आहेत. ३(ई), नुसतं मिश्रण चालत नाही. तिन्ही अर्क एकत्र केल्यावर सुट्यांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम दिसतो याचे आकडे लागतात. म्हणजे प्रयोगात प्रत्येक अर्क एकटा, दोन-दोनच्या जोड्या, तिन्ही आणि नुसता बेस असे सगळे गट हवेत. बहुतेक प्रबंधांत फक्त 'जेल विरुद्ध नियंत्रण' असतं आणि तिथेच गाडी अडते. मग ३(पी), पारंपरिक ज्ञान. परीक्षक टीकेडीएल (पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय) उघडतो आणि ग्रंथातला संदर्भ काढून समोर ठेवतो. तिसरं जैवविविधता कायदा : भारतातली वनस्पती वापरली असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता पेटंट मिळण्याआधी करावी लागते. अर्क कुठून आणला, कुणाकडून, त्याची पावती, वनस्पती ओळखल्याचं प्रमाणपत्र आणि हर्बेरियम क्रमांक पहिल्या दिवसापासून जपा.

अल्गोरिदम : ३(के). संगणक प्रोग्राम 'पर से', म्हणजे नुसता प्रोग्राम म्हणून, बाद. फोटो घेण्याची जोडणी, प्रकाशाची दुरुस्ती, रंगपट्टी, म्हणजे जिथे तांत्रिक परिणाम दाखवता येतो तिथे जागा आहे.

व्यायामाचा क्रम : पेटंट विसरा.

आणखी एक, भांडण इथेच होतं. निबंधातलं सहलेखकत्व म्हणजे शोधकत्व नव्हे. विभागप्रमुखांचं नाव शिष्टाचार म्हणून टाकू नका. ज्याने दाव्यातली कल्पना दिली तोच शोधक. आणि विद्यार्थी संस्थेचा नोकर नसतो, त्यामुळे हक्क आपोआप संस्थेकडे जात नाहीत. लेखी असाइनमेंट (हक्क सोपवल्याचा करार) लागते. एका शनिवारी प्रत्येक टीमकडून कोण शोधक, कुणाचा पैसा, कुणाची प्रयोगशाळा, कुणाचं साहित्य हा तक्ता भरून सह्या घ्या. कंपनी निघाल्यावर तो भरायला कोणी तयार होत नाही.

आधीच्या पेटंटांचा शोध कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक दोन तास पुरे : इनपास (भारतीय), गूगल पेटंट्स, एस्पासनेट (युरोपीय). नुसते शब्द टाकू नका, वर्गीकरणाचा कोडही टाका. शरीरावरच्या मापनासाठी ए६१बी ५ पासून सुरुवात.

---

रंकाळा_उत्तर

अडचण आहे. जेलचं पोस्टर 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेच्या विद्यापीठ फेरीत लागून गेलंय. सगळे घटक टक्केवारीसकट.

---

दावा_क्रमांक_एक

मग ती टक्केवारी गेली समजा. पण पोस्टरवर काय नव्हतं ते बघा. अर्क काढण्याची पद्धत, द्रावक आणि तापमान, जेल टिकवण्याची युक्ती, लावण्याचं पॅकिंग? त्यात नवं आणि सहज न सुचणारं काही असेल तर त्यावर अर्ज होऊ शकतो. पोस्टरचा फोटो, तारीख आणि सारांशपुस्तिका फाइलला लावा आणि पेटंट एजंटला आधीच सांगा. लपवून काही मिळत नाही, परीक्षकाला सापडतंच. आणि यापुढे स्पर्धेला पाठवण्याआधी संशोधन कक्षाची एक ओळीची 'प्रकट करण्यास हरकत नाही' अशी सही सक्तीची करा.

---

ऑडिट_फाईल

परवान्याचा भाग बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटच्या शनिवारी चहाच्या आधी अर्ध्या तासात उरकतात. तो पाचव्या आठवड्यात आणा, कारण वर्ग कोणता यावर खर्च, वेळ आणि धंद्याचा अख्खा नकाशा ठरतो.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ : वर्ग ए, बी, सी, डी. ए आणि बी चा उत्पादन परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे एफडीए (अन्न व औषध प्रशासन). सी आणि डी चा केंद्राकडून. ए-बी साठी अर्ज एमडी-३ फॉर्ममध्ये आणि परवाना एमडी-५ मध्ये, सी-डी साठी अर्ज एमडी-७ आणि परवाना एमडी-९ मध्ये. ए-बी ची फी जागेमागे ५,००० आणि उपकरणामागे ५००. सी-डी ची जागेमागे ५०,००० आणि उपकरणामागे १,०००. फी पाहून कोणी घाबरू नये, खरा खर्च दर्जा-प्रणाली आणि चाचण्यांचा. ए वर्गातली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं नुसत्या नोंदणीवर जातात, पण तुमचं कंपन-यंत्र मोजतं, त्यामुळे ती पळवाट नाही. सॉफ्टवेअरही उपकरणच आहे, 'आमचं तर ॲप आहे' हा बचाव चालत नाही.

प्रशिक्षणात प्रत्येक टीमला तीन गोष्टी शोधून आणायला लावा. एक, वापराचा हेतू एका वाक्यात. दोन, सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या) वर्गीकरण यादीत जवळचं उपकरण कोणतं आणि त्याचा वर्ग. तीन, आधीपासून परवाना असलेलं तसंच उपकरण आहे का. असं उपकरण असलं तर बरोबरी दाखवून पुढे जाता येतं. नसलं तर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन (परवान्यासाठीची माणसांवरची चाचणी) अटळ. कंपन-यंत्राला बायोथेसिओमीटर (कंपन कधी जाणवतं ते मोजणारं यंत्र) हा जुना भाऊ आहे, तिथे २५ व्होल्टच्या वर उंबरठा (कंपन जाणवू लागण्याची पातळी) गेला की जखमेचा धोका जास्त धरतात. पण हा 'व्होल्ट' त्या यंत्राचा आहे, तुमच्या यंत्रावर तोच आकडा छापता येणार नाही.

ब्रेडबोर्डवर मोबाईलची नाण्याएवढी मोटर असेल तर आत्ताच सांगतो, बदला. तिच्यात व्होल्टेज वाढवलं की कंपनाचा जोर आणि वारंवारिता दोन्ही एकदम वाढतात. रुग्णाला नेमकं कशामुळे जाणवलं हे सांगता येत नाही. व्हॉइस कॉइल किंवा ठरावीक वारंवारितेचा ॲक्च्युएटर घ्या आणि टोकावर ॲक्सेलरोमीटर बसवून प्रत्यक्ष हालचाल मोजा. दुसरं, हाताने दाबून धरलं की कंपन दबतं. प्रोब स्वतःच्या वजनावर टेकला पाहिजे किंवा ठरावीक स्प्रिंग हवी. तिसरं, अनवाणी शेतात चालणाऱ्याच्या तळव्याला घट्टा असतो, तिथे उंबरठा नैसर्गिकच वर जातो. मोजण्याची जागा पक्की करा, अंगठ्याचं टोक किंवा घोट्याचं हाड, आणि घट्टा असेल तर नोंद. चौथं, चार्जिंगवर असताना यंत्र चालूच होऊ नये अशी रचना केली तर आयईसी ६०६०१-१ च्या (वैद्यकीय उपकरणांच्या विद्युत-सुरक्षेच्या) चाचणीत निम्मी डोकेदुखी कमी होते. स्वस्त मोबाईल चार्जरवर रुग्णाला जोडलेलं यंत्र कुठलीच प्रयोगशाळा पास करणार नाही.

आता उद्यमनगर, म्हणजे आपली कारखान्यांची वसाहत. भावांनो, आपल्याकडे चांगला फिटर आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) गल्लीत मिळतो, हा पुण्या-मुंबईलाही हेवा वाटावा असा फायदा आहे. सकाळी ड्रॉइंग दिलं की संध्याकाळी भाग हातात. पण जॉबवर्कवाल्याला वैद्यकीय कागदांची सवय नाही. भंगारातून उरलेला रॉड वापरला तर तो ३०४ स्टील आहे की ३१६एल, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून पहिल्या तुकडीपासूनच मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर, ड्रॉइंगचा आवृत्ती क्रमांक, तुकडी क्रमांक आणि कटिंग ऑइल कसं धुतलं याची नोंद मागा. 'तोंडी सांगितलं, त्याने दोन मिलीमीटर वाढवलं' हा प्रकार ऑडिटमध्ये फाईल बंद करतो. त्वचेला लागणाऱ्या भागासाठी आयएसओ १०९९३ प्रमाणे पेशी-विषारीपणा, संवेदनशीलता आणि त्वचेचा दाह या तीन चाचण्या येतात, आणि त्या अंतिम साहित्यावर कराव्या लागतात. थ्रीडी प्रिंटवर केल्या आणि नंतर साचा काढून प्लास्टिक बदललं, तर पैसे पुन्हा. साच्याची घाईही नको. पहिले पन्नास-शंभर नग थ्रीडी प्रिंट किंवा सिलिकॉन साच्यात निघतात, इंजेक्शन मोल्ड लाखांत जातो आणि एकदा कापलेलं स्टील परत भरत नाही.

माणसांवर वापरायला देण्यासाठी थोडे नग बनवायचे तरी एमडी-१३ म्हणजे चाचणीपुरता उत्पादन परवाना लागतो, अर्ज एमडी-१२ मध्ये. हे माहीत नसल्याने कितीतरी टीम थेट वॉर्डात जातात.

शेवटचा खड्डा सगळ्यात मोठा : नीती समितीच्या मंजुरीने केलेला 'शैक्षणिक अभ्यास' आणि परवान्यासाठीचं क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यातली माहिती परवान्यासाठी सादर करता येत नाही. निवासी डॉक्टर तीन वर्षं प्रबंधासाठी दोनशे रुग्ण गोळा करतो आणि शेवटी कळतं की हा डेटा फक्त प्रबंधापुरता. आधी ठरवा. दुसरा मार्ग घ्यायचा तर एमडी-२२ चा अर्ज, एमडी-२३ ची परवानगी, सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी आणि भरपाईची तरतूद.

अल्गोरिदमवाल्यांनी आपलं संमतीपत्र काढून वाचावं. 'ही माहिती फक्त शैक्षणिक संशोधनासाठी वापरली जाईल' असं वाक्य असेल तर त्या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल विकता येणार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही व्यावसायिक वापराची शक्यता रुग्णाला सांगायला लावली आहे. नवं संमतीपत्र, मराठी आणि कन्नड दोन्हीत, आजच नीती समितीकडे टाका. आणि एकाच मोबाईलवर, एकाच खिडकीजवळ काढलेले फोटो असतील तर दुसऱ्या फोनवर आकडे कोसळतील. किमान तीन वेगवेगळे फोन, ट्यूबलाइट आणि सावली दोन्ही, आणि प्रत्येक फोटोबरोबर त्याच दिवशीचं प्रयोगशाळेतलं हिमोग्लोबिन.

---

ओपीडी_नंतर

सगळं बरोबर, पण मुळात अठरांपैकी किती जणांनी कंपनी काढायची आहे? मला हा आग्रहच खटकतो. शस्त्रक्रिया विभागातला निवासी डॉक्टर दिवसाला सोळा तास वॉर्डात असतो, त्याला 'फाउंडर' बनवण्यात ना त्याचं भलं ना रुग्णाचं. निष्कर्ष बाजारात नेण्याचा दुसरा रस्ता म्हणजे लायसन्सिंग, आणि तो अभ्यासक्रमात अर्धा तरी यायला हवा. संस्थेच्या नावे पेटंट, तयार कारखान्याशी करार, आगाऊ रक्कम आणि विक्रीवर रॉयल्टी. करारात तीन गोष्टी शिकवा : किती भूभागासाठी, एकालाच की अनेकांना, आणि ठरावीक मुदतीत उत्पादन काढलं नाही तर हक्क परत. ही तिसरी ओळ नसली की पेटंट कुणाच्या तरी कपाटात झोपतं.

सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांनी संचालक होण्याआधी पूर्वपरवानगीची फाइल हलवावी. सेवेच्या वर्तणूक नियमांत खासगी व्यापाराला बंधन आहे. विद्यापीठांकडे २०१९ चं राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आहे, त्यात शिक्षकाला रजेची आणि भागीदारीची सोय आहे. तुमच्या संस्थेने ते स्वतःच्या व्यवस्थापन मंडळात मंजूर केलंय का, हे बघा. नसेल तर ते फक्त पीडीएफ आहे.

आणि मुलाखतींच्या यादीत एक प्रश्न वाढवा : 'हा रुग्ण योजनेतला असेल तर?' महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाला ठरावीक पॅकेज मिळतं. नवी तपासणी किंवा महागडं ड्रेसिंग वापरलं तर तो खर्च त्याच पॅकेजमधून जातो. म्हणजे 'रुग्णाला फायदा' एवढं पुरत नाही, मुक्काम दोन दिवसांनी कमी होतो का, पुन्हा भरती टळते का, हे दाखवावं लागतं. जेलच्या टीमने उंदरांच्या आलेखाऐवजी हा हिशेब मांडावा. सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समितीतून किरकोळ खरेदी होते, मोठी खरेदी वरून येते. या दोन खिडक्या वेगळ्या आहेत, दोन्हीकडे वेगळा माणूस भेटायचा.

---

ऑडिट_फाईल

जेलबाबत पुस्ती. ते आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषध म्हणून न्यायचं तर तिन्ही घटक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत असावे लागतात, आणि कारखान्याला शेड्यूल टी (उत्पादनाच्या दर्जाचे नियम) लागू. प्रयोगशाळेतला शुद्ध केलेला, प्रमाणित अंश असेल तर तो फायटोफार्मास्युटिकल. २०१५ पासून ही वेगळी वर्गवारी आहे, किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात आणि रस्ता नव्या औषधाचा, म्हणजे वर्षं आणि कोटी. पेटंटसाठी 'हे परंपरेत नव्हतं' म्हणायचं आणि परवान्यासाठी 'हे ग्रंथात आहे' म्हणायचं, ही कसरत टीमने फळ्यावर मांडून बघावी. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकून टाकू, असं कोणीतरी म्हणेलच. मग लेबलवर 'जखम भरते' लिहिता येणार नाही.

---

ताळेबंद

पैशाचं थोडक्यात.

कंपनी लवकर काढू नका. प्रायव्हेट लिमिटेड नोंदली की विक्री शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि आरओसीचे (कंपनी निबंधकाचे) फॉर्म. एओसी-४ (हिशेब) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादेशिवाय. स्पर्धेत बक्षीस मिळालं म्हणून नोंदलेल्या कंपन्या अशाच मरतात. अनुदानाचा किंवा कराराचा कागद समोर आला की मग नोंदवा. गुंतवणूकदार यायची शक्यता असेल तर एलएलपीपेक्षा (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीपेक्षा) प्रायव्हेट लिमिटेड बरी.

अनुदानं टप्प्यानुसार दाखवा. नमुना बनवायला डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची) निधी-प्रयास, कमाल १० लाख. त्यापुढे बायरॅकची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान-उद्योग परिषदेची) बिग योजना, कमाल ५० लाख आणि १८ महिने. तिच्यासाठी अर्ज साधारण १ जानेवारी आणि १ जुलैला खुले होतात, पुण्यात पाषाणचं व्हेंचर सेंटर भागीदार आहे. तुमचा अभ्यासक्रम या तारखांच्या आधी तीन-चार आठवडे संपेल असा बसवा, म्हणजे शेवटचं सादरीकरण हाच अर्जाचा मसुदा. परीक्षक मुलाखतींची वही, पेटंट शोध आणि परवान्याचा वर्ग हेच विचारतात. उपकरणवाल्यांनी आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरण केंद्राची कामाची पद्धत एकदा जाऊन पाहावी. डॉक्टर आणि अभियंता एकाच टेबलावर बसवून २०१४ पासून ते हेच करतायत.

संस्थेचा हिस्सा किती, यावर हमरीतुमरी होते. राष्ट्रीय धोरणात इन्क्युबेशनच्या (स्टार्टअपला जागा-सोयी देण्याच्या) बदल्यात २ ते ९.५ टक्के असा पट्टा आहे. संस्थापकांतले समभाग चार वर्षांत हळूहळू पक्के होतील आणि पहिल्या वर्षात सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, असं कलम टाका. एमडी संपलं की माणूस बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेसाठी) दुसऱ्या जिल्ह्यात जातो, हे आपल्याकडे गृहीतच धरायचं.

दोन लाखांचं वाटप माझ्या मते : प्रोव्हिजनल फी आणि एजंटचा मसुदा मिळून ६०-६५ हजार (चारही नको, दोनच टीम तिथवर पोचतील), प्रोटोटाइप ७०, मुलाखतींचा प्रवास आणि छपाई २०, बाहेरचे तज्ज्ञ ३०, उरलेलं हाताशी. शाल-श्रीफळ शून्य.

---

रंकाळा_उत्तर

फार उपयोगी. असं बसवतोय : पहिला शनिवार गोपनीयता आणि शोधकत्वाचा तक्ता, दुसरा गरजेचं विधान आणि पेटंट शोध, तिसरा मुलाखतीचा सराव. मुलाखती तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत. पाचव्यात परवाना-वर्ग, आठव्यात निर्णय (सहाव्यात तीस होत नाहीत). नववा लायसन्सिंग विरुद्ध कंपनी, दहावा-अकरावा नमुना आणि चाचणी-आराखडा, बारावा अनुदानाचा मसुदा. प्रोव्हिजनल तिसऱ्या शनिवारच्या आत. व्यायामाच्या क्रमाचं काय करू? त्या चार फिजिओंना बाहेर बसवायचं नाहीये.

---

गरज_आधी

आठवा चालेल, पण पाचव्या शनिवारी पंधरा मुलाखती झाल्याच पाहिजेत, वही तपासा.

फिजिओंना आधी पैसे कोण देणार ते शोधायला लावा. ऊसतोड मजूर देणार नाही, मुकादमही नाही. कारखान्याचा शेती विभाग, कामगार-कल्याण पाहणारा अधिकारी, गटविमा काढणारी कंपनी, या तिघांशी बोलायचं. विकायची वस्तू व्यायाम नाही. विकायचं आहे ते टोळीपाशी जाऊन शिकवणारा प्रशिक्षित माणूस, चित्रांची पुस्तिका, आणि हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी दुखण्याचं मापन. पुस्तिकेवर कॉपीराइट मिळतो, कार्यक्रमाच्या नावाला ट्रेडमार्क. परवाना-वर्गाची कटकट नाही, त्यामुळे चौघांत सगळ्यात आधी पहिलं बिल हीच टीम फाडू शकते.

एकच वेळेचं भान : गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. टोळ्या परत गेल्यावर मुलाखती घ्यायला फडात कोणी नसतं. कारखान्यांशी बोलणी पावसाळ्यातच, करार दसऱ्याच्या आधी. बाकी तीन टीमचं वेळापत्रक काहीही असो, या टीमच्या मुलाखती हंगामाला बांधून वेगळ्या लावा.